किनाऱ्यावर डिटेक्टर फिरवायचा, तर विचारायचं कोणाला?

मागच्या अंकात समुद्रावर हरवलेल्या दागिन्यांबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या, त्यात मेटल डिटेक्टरचा उल्लेख झाला आणि तेव्हापासून त्याच विषयावरचे प्रश्न यायचे थांबेचनात. बरेचसे एकाच धाटणीचे होते ते एकत्र केलेत, नावं काढून गावं ठेवलीत. कायद्याची कलमं जिथे लागतात तिथे मुद्दाम दिलीत, कारण उद्या किनाऱ्यावर कोणी हटकलं तर तुम्हाला नीट सांगता आलं पाहिजे.

प्रश्न (पुणे): ताई, ऑनलाइन एक मेटल डिटेक्टर मागवलाय, साधाच आहे. दिवाळीच्या सुट्टीत फॅमिलीसोबत दापोली-गुहागर साईडला जातोय तेव्हा बीचवर फिरवून बघायचाय. बीच तर पब्लिक असतो ना, मग परवानगी लागते का, आणि लागत असेल तर देतं कोण?

उत्तर: पब्लिक म्हणजे फिरायला, बसायला, पोरांना वाळूत खेळायला मोकळा, एवढाच त्याचा अर्थ धरा. मालकी सरकारची आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ मधलं कलम २० बघा, भरतीच्या रेषेखालचा समुद्राचा आणि खाडीचा तळ राज्य सरकारचा असं त्यात स्पष्ट आहे, म्हणजे ओहोटीला जी ओली वाळू उघडी पडते ती सगळी सरकारी. त्याच्या वरची कोरडी पुळण, सुरूचं बन, माडाच्या बागा यांचं मात्र गावागावाला वेगळं असतं, कुठे सरकारी पड जमीन, कुठे वनखात्याची लागवड, कुठे सरळसरळ कोणाच्या तरी सातबाऱ्यावरची बाग. त्यामुळे "बीच" असा एकच मालक धरून चालायचं नाही.

डिटेक्टर विकत घेणं किंवा घरात ठेवणं हा गुन्हा नाही. आणि आपल्या कायद्यात "मेटल डिटेक्टिंगचा परवाना" असं वेगळं कलमही नाही, इंग्लंड-अमेरिकेत जसे याच छंदासाठी वेगळे नियम लिहून ठेवलेत तसं इथे नाही. पण म्हणून मोकळं रान आहे असं समजू नका, कारण तुम्ही कुठे उभे आहात, काय खणताय आणि हाताला काय लागतं या प्रत्येकावर दुसरा कुठला तरी कायदा आहेच. माझं सांगणं असं की जिथे जाणार तिथल्या ग्रामपंचायतीला आणि पोलीस ठाण्याला साधा एक पानी अर्ज द्या, नाव, पत्ता, आधारची झेरॉक्स, कुठल्या तारखेला, किती ते किती वाजेपर्यंत, कुठल्या भागात फिरणार, आणि काय सापडलं तर कळवेन अशी एक ओळ. दोन प्रती न्या आणि एकीवर पोच घ्या. जवळ जेटी किंवा बंदर असेल तर महाराष्ट्र मेरीटाइम बोर्डाच्या बंदर निरीक्षकांच्या ऑफिसात पण एक प्रत द्या, सुरूच्या बनात जाणार असाल तर वनखात्याला विचारल्याशिवाय जाऊच नका. कोणी म्हणेल "आमच्याकडे असली परवानगी नसते हो", म्हणू देत, तरी अर्ज द्यायचा आणि पोच घ्यायची. तोंडी "हो हो जा" याला नंतर काही किंमत नसते.

पोलिसांना का सांगायचं असं पुष्कळ जण विचारतात, त्यांना आपल्या किनाऱ्याचा इतिहास आठवून बघायला सांगेन. १९९३ च्या मुंबई स्फोटांचं आरडीएक्स श्रीवर्धन तालुक्यातल्या शेखाडीला उतरलं होतं. २००८ मध्ये अतिरेकी समुद्रातूनच आले. ऑगस्ट २०२२ मध्ये हरिहरेश्वरच्या किनाऱ्याला एक रिकामी बोट लागली त्यात एके-४७ सापडल्या आणि सगळ्या रायगडात नाकाबंदी झाली, बोट भरकटत आलेली होती हे नंतर कळलं. अशा किनाऱ्यावर अंधारात हेडफोन लावून, हातात दांडा घेऊन, खाली वाकून खड्डे खणणारा अनोळखी माणूस गावातल्या कोणाला दिसला तर तो फोन करणारच, आणि केलाच पाहिजे. म्हणून दिवसाउजेडी जा, सकाळची ओहोटी पकडा.

अजून एक, वाळू घरी न्यायची नाही, बादलीभर पण नाही. परवानगीशिवाय वाळू काढणं हे त्याच महसूल संहितेच्या कलम ४८ मध्ये येतं आणि किनारपट्टी नियमनाच्या २०११ आणि २०१९ च्या दोन्ही अधिसूचनांमध्ये किनाऱ्यावरच्या वाळू उपशावर बंदी आहे. तुम्ही हातभर खड्डा करून बुजवताय तर त्याला उपसा कोणी म्हणणार नाही, पण फावडी, टिकाव, घमेली घेऊन चार जण उतरलात तर मग तुमचं कोण ऐकून घेणार. छोटं खुरपं आणि जाळीचा स्कूप, बस.

प्रश्न (मालवण): आमचा होमस्टे आहे. दर सीझनला दोन-तीन पाहुण्यांची अंगठी नाहीतर चेन पाण्यात जाते आणि मग रडारड. आम्ही डिटेक्टर घेऊन ठेवला तर चालेल का? शोधून दिलं तर पैसे घेतले तर चालतील का? आणि आमच्याकडे काळी रेती आहे तिथे मशीन नुसतं ओरडतं असं एकाने सांगितलं, खरं का?

उत्तर: घेऊन ठेवा, फार चांगलं काम होईल. या कामात तुम्ही खजिना शोधत नाही, ज्याची वस्तू आहे तो माणूस शेजारी उभा असतो, त्यामुळे कायद्याचा गुंता सगळ्यात कमी इथेच आहे. तरी पोलीस ठाण्याला एकदा अर्ज देऊन ठेवा, आणि प्रत्येक वेळी पाहुण्याकडून दोन ओळी लिहून घ्या, काय हरवलं, कधी, साधारण कुठे, सापडल्यावर मिळाल्याची सही. दागिन्याचा फोटो पाहुण्याच्या मोबाईलमध्ये असतोच, लग्नातला नाहीतर ट्रिपचाच, तो घ्या, म्हणजे दुसऱ्या कोणाची अंगठी वर आली तर घोळ होत नाही.

पैशांचं असं आहे की मजुरी आधी ठरवून घेतली असेल तर घ्या, तो तुमच्या दोघांतला सरळ करार झाला. पण कोणीही न सांगता तुम्हाला वस्तू सापडली तर भारतीय करार कायदा १८७२ चं कलम ७१ लागतं, सापडणाऱ्याने ती वस्तू दुसऱ्याची ठेव असल्यासारखी सांभाळायची असते, आणि कलम १६८ प्रमाणे शोधण्या-सांभाळण्याचा खर्च मिळेपर्यंत ती स्वतःकडे ठेवता येते पण आपणहून घेतलेल्या त्रासाबद्दल मालकावर दावा लावता येत नाही. मालकाने जाहीर बक्षीस लावलं असेल तर त्याच्यासाठी मात्र दावा करता येतो. आणि मालक कोण ते शोधायचा प्रयत्नही न करता गुपचूप खिशात टाकली तर तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१४ खालचा अपहार, १ जुलै २०२४ पासून त्याला कमीत कमी ६ महिने आणि जास्तीत जास्त २ वर्षं कैद आणि वर दंड आहे. जुन्या आयपीसीत कमीत कमीची अट नव्हती, आता आहे, हे पुष्कळांना माहीत नाही.

आता काळी रेती. मशीन ओरडतं हे खरं आहे, कारण रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या बऱ्याच पुळणींच्या वाळूत इल्मेनाइट आणि मॅग्नेटाइट या खनिजांचे काळे कण मिसळलेले असतात, ते लोहयुक्त असल्यामुळे साधं एका फ्रिक्वेन्सीचं मशीन गोंधळतं. त्यात खारं पाणी वीज वाहून नेतं, म्हणजे ओली वाळूच मशीनला धातूसारखी वाटते. कोरड्या वाळूत छान चालणारं स्वस्त मशीन पाण्याच्या कडेला नेलं की किरकिर सुरू करतं ते यामुळे. एकाच वेळी अनेक फ्रिक्वेन्सीवर चालणारं नाहीतर पल्स इंडक्शनचं (विजेचे छोटे ठोके सोडून धातू ओळखणारं) मशीन घ्या, महाग पडतं पण तुमच्या कामाला तेच. पल्स इंडक्शनला कचरा आणि सोनं यातला फरक फारसा कळत नाही, जे लागेल ते उकरायला लागतं, त्याची तयारी ठेवा. आणि अनेक फ्रिक्वेन्सीच्या मशीनवर कचरा गाळायचं सेटिंग असतं ते सोन्याची अंगठी शोधताना बंद ठेवा, कारण बारीक सोन्याची अंगठी आणि चॉकलेटच्या वेष्टनाची चांदी किंवा कॅन उघडायची कडी यांचा आवाज मशीनला जवळपास सारखाच येतो, हा कचरा गाळायला गेलात तर अंगठी पण गळते.

शोधायचं कसं तेही सांगते कारण पहिला तास वाया गेला तर सगळं अवघड होतं. पाहुणा रडत रडत इकडेतिकडे धावत असतो, त्याला आधी एका जागी उभं करा, हरवलं तेव्हा समोर काय दिसत होतं ते आठवायला लावा. देवळाचा कळस आणि त्याच्या मागचं माडाचं झाड अशा दोन खुणा एका रेषेत घ्या, मग बाजूच्या दोन खुणा दुसऱ्या रेषेत, जिथे रेषा कापतात तिथे काठी रोवा आणि मोबाईलवर लोकेशन पिन करा. हरवलं त्याच्या नंतरचीच ओहोटी पकडायची, दोन दिवसांनी नाही, कारण लाटेच्या पट्ट्यात सोनं जड म्हणून भराभर खाली जातं आणि खालच्या कडक थरावर जाऊन बसतं. दोरी ताणून पट्टे पाडा, कॉइल (मशीनची खालची तबकडी) वाळूला जवळजवळ टेकवून हळू फिरवा, आणि एक पट्टा दुसऱ्यावर थोडा चढता ठेवा. अवसे-पुनवेच्या उधाणाला ओहोटी सगळ्यात लांब जाते, त्या दिवसांत एरवी पाण्याखाली असणारा भाग मोकळा मिळतो. भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास, पाणी फार हटतच नाही, तेव्हा कमरेएवढ्या पाण्यात उतरून शोधायचा मोह होतो तो टाळा, अंगठीपायी जीव धोक्यात घालायचं काम नाही.

प्रश्न (रेवदंडा): मी अकरावीत आहे. पावसाळ्यानंतर बीचवर मला एक तांब्याचं जाड नाणं सापडलं, अक्षरं पुसट आहेत, देवनागरी वाटतात. मित्र म्हणतो ते सरकारजमा करावं लागतं नाहीतर जेल. मी डिटेक्टर वापरला नव्हता, असंच दिसलं. काय करू? घासून स्वच्छ करू का?

उत्तर: घासू नकोस, आधी हे. चिंच, लिंबू, पितांबरी, रांगोळी काहीही लावायचं नाही, वरचा हिरवा-तपकिरी थर गेला की त्याच्याबरोबर अक्षरांची उरलीसुरली कडही जाते आणि नाणं चकाकतं पण वाचता येत नाही. साध्या पाण्याने वाळू धुऊन टाक, मऊ कापडावर ठेव, दोन्ही बाजूंचे फोटो तिरक्या उजेडात काढ, बाजूला पट्टी ठेवून. आणि सापडलं ती जागा वहीत लिही, तारीख, भरतीच्या रेषेपासून अंदाजे किती पावलं, जवळची खूण काय. तू राहतोस ते चौल-रेवदंडा म्हणजे जुन्या ग्रीक लेखकांनी ज्याचा उल्लेख केलाय ते बंदर, पुढे तिथे पोर्तुगीज होते, १७४० मध्ये मराठ्यांनी ते घेतलं. अशा गावातल्या नाण्याची खरी किंमत ते कुठे सापडलं यात असते, जागा विसरली की ते बाजारातल्या ढिगातलं एक नाणं होऊन जातं. मला याचं फार वाईट वाटतं, घराघरात डब्यांमध्ये अशी नाणी पडलीत आणि कोणालाच सांगता येत नाही की ती आली कुठून.

देवनागरी अक्षरं आणि जाड तांबं म्हणतोस तर शिवराई असू शकते. एका बाजूला "श्री राजा शिव" आणि दुसऱ्या बाजूला "छत्रपति" यातलं काही दिसतं का बघ. दिसलं तरी लगेच महाराजांच्या काळातली समजू नकोस, शिवराया पेशवाईत आणि पुढे इंग्रजांच्या सुरुवातीच्या काळातही पाडल्या जात होत्या.

आता मित्राचं म्हणणं. तो सांगतो तो कायदा खरा आहे, इंडियन ट्रेझर ट्रोव्ह अॅक्ट १८७८. जमिनीत दडलेली, कसलीही किंमत असलेली वस्तू म्हणजे ट्रेझर, आणि तिची किंमत १० रुपयांपेक्षा जास्त असेल तर सापडणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं, काय सापडलं, अंदाजे किंमत, कुठे, कधी. १८७८ चे १० रुपये अजून तसेच आहेत, त्यामुळे जवळपास सगळंच त्यात बसतं. वस्तू सरकारी तिजोरीत जमा करायची नाहीतर जिल्हाधिकारी सांगतील तशी हमी द्यायची. मग ते जाहीर नोटीस काढतात आणि मालकी सांगणाऱ्यांना ४ ते ६ महिन्यांच्या आतली तारीख देतात. कोणी मालक निघाला नाही तर वस्तू सापडणाऱ्याला मिळू शकते, जागेच्या मालकाशी काही वेगळं ठरलेलं नसेल तर तीन चतुर्थांश सापडणाऱ्याचे आणि उरलेलं जागेच्या मालकाचं. सरकारला ती हवी असेल तर ते घेऊ शकतं, पण धातूची किंमत आणि वर तिचा एक पंचमांश देऊन. कळवलंच नाही तर मात्र हिस्सा जातो आणि १ वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. जेलचं भय मित्राने घातलं ते इथून आलं.

तुझं नाणं लाटेने वर आणून टाकलेलं, वाळूवर उघडं पडलेलं होतं, ते "जमिनीत दडलेलं" म्हणायचं का यावर वकील वाद घालतील. तू वाद घालू नकोस, आईबाबांना बरोबर घेऊन तहसीलदार कार्यालयातून जिल्हाधिकाऱ्यांच्या नावे एक पत्र दे आणि त्याची एक प्रत राज्याच्या पुरातत्त्व आणि वस्तुसंग्रहालये संचालनालयाला पाठव. कळवणाऱ्याला कायदा त्रास देत नाही. त्रास होतो तो लपवणाऱ्याला, पिंपरी-चिंचवडमध्ये चिखलीला एका साईटवर खोदताना जुनी सोन्याची नाणी निघाली होती, ती कळवलीच नाहीत, घरी ठेवली, आणि २०२१ मध्ये पोलिसांनी त्यातली २१६ जप्त केली. ज्यांना सापडली त्यांना हक्काने काही मिळू शकलं असतं, ते सगळं हातचं गेलं.

आणि नाणं १०० वर्षांपेक्षा जुनं असेल तर ते १९७२ च्या पुरावशेष कायद्यात "पुरावशेष" ठरतं, परदेशात पाठवायला बंदी, ऑनलाइन कोणी बाहेरचा विकत मागायला आला तर नाही म्हणायचं. शिक्षा ६ महिन्यांपासून ३ वर्षांपर्यंत आहे.

प्रश्न (अलिबाग): कुलाबा किल्ल्याला ओहोटीत चालत जाता येतं, त्या वाटेवर डिटेक्टर फिरवला तर काय होईल? किल्ल्याच्या आत जाणार नाही.

उत्तर: तिथे फिरवूच नका. कुलाबा, जंजिरा, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग हे केंद्राच्या पुरातत्त्व खात्याने संरक्षित केलेले किल्ले आहेत. संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटर प्रतिबंधित आणि त्यापुढे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र, बांधकामासाठी म्हणून ही हद्द २०१० च्या दुरुस्तीने कायद्यात आली, पण आपल्यासाठीही हीच रेघ धरून चाला. संरक्षित जागेत लायसन्सशिवाय उत्खनन करता येत नाही, स्मारकाला धक्का लावला तर २ वर्षांपर्यंत कैद आणि १ लाखापर्यंत दंड आहे. खड्डा केवढा, वीतभर की हातभर, याची चर्चा तिथल्या पहारेकऱ्याशी करण्यात अर्थ नाही. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारसा यादीत गेले त्यात खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे चार समुद्रातले नाहीतर समुद्राकाठचे आहेत, आता तर तिथे नजर अजून कडक असणार आणि असायलाच हवी. तोफेचा गोळा, लोखंडी साखळी असं काही उघडं पडलेलं दिसलं तरी उचलू नका, वर्षानुवर्षं खाऱ्या पाण्यात राहिलेलं लोखंड बाहेर काढून वाळवलं की तडकून तुकडे पडतात. फोटो काढा आणि पुरातत्त्व खात्याला कळवा. फुटलेल्या जहाजाचा माल असेल तर तोही आपला होत नाही, जहाज वाहतुकीच्या कायद्यात तो सरकारी रिसिव्हरच्या ताब्यात द्यायचं बंधन आहे.

प्रश्न (ठाणे): कासवांच्या किनाऱ्यावर रात्री शांत असतं, पब्लिक नसतं. तेव्हा फिरवलं तर कोणाला त्रास होणार?

उत्तर: कासवांना. ऑलिव्ह रिडलेची मादी साधारण नोव्हेंबर ते मार्चमध्ये रात्रीच वर येते, दीडेक फूट खोल खड्डा करते, शंभरेक अंडी घालते, बुजवते आणि परत जाते. अंडी तिथे ४५ ते ६० दिवस असतात. वेळासला २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्रने गावकऱ्यांना घेऊन हे काम उभं केलं, आता आंजर्ल्यापासून खाली सिंधुदुर्गापर्यंत गावोगावचे कासवमित्र पहाटे पुळण चालून मादीच्या पावलांच्या खुणा शोधतात आणि अंडी कुंपणाच्या आत हलवतात. तुम्ही रात्री फिरलात की तुमच्या पावलांनी त्या खुणा मोडतात आणि घरटं सापडतच नाही. बॅटरीचा उजेड दिसला तर मादी अंडी न घालताच मागे फिरते. वाळूतली बाटलीची टोपी काढायला म्हणून खुरपं मारलं आणि ते अंड्यात गेलं तर काय करणार? कासव वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे, आणि विणीच्या जागा किनारपट्टी नियमनात सगळ्यात कडक वर्गात येतात. गोव्यात मोरजी, आगोंद, गालजीबाग इथेही हेच. नोव्हेंबर ते मे या किनाऱ्यांवर डिटेक्टर नकोच, दिवसाही नको. चार महिने पावसाचे सोडले तर राहिलं काय असं विचाराल, तर कासवं न येणारे किनारे राहिले, ते भरपूर आहेत.

प्रश्न (इंग्लंडहून): आम्ही दक्षिण किनाऱ्यावर राहतो, शेजारचे आजोबा दर रविवारी डिटेक्टर घेऊन जातात, मला पण आवड लागलीय. ते म्हणतात परमिट लागत नाही. मी व्हिसावर आहे म्हणून भीती वाटते. आणि काही जुनं सापडलं तर भारतात आणता येईल का?

उत्तर: आजोबा क्राउन इस्टेटच्या (तिकडे राजाच्या नावावरची मालमत्ता सांभाळणारी संस्था) किनाऱ्याबद्दल बोलत असतील. तिकडे भरती-ओहोटीच्या मधला पट्टा साधारण निम्मा क्राउन इस्टेटकडे आहे, आणि त्यावर त्यांनी अटींसकट सरसकट संमती देऊन ठेवलीय, वेगळा अर्ज करावा लागत नाही. बाकीचा निम्मा कौन्सिल, नॅशनल ट्रस्ट, संरक्षण खातं, खासगी मालक असा वाटला गेलाय, तिथे त्या त्या मालकाची परवानगी. क्राउन इस्टेटचा नकाशा वेबसाईटवर आहे, तुमचा किनारा त्यात आहे का ते स्वतः बघा आणि कौन्सिलला एक ईमेल टाका, लेखी उत्तर आलं की प्रिंट बॅगेत ठेवा. व्हिसावर असलेल्याने लेखी कागद जवळ ठेवलेला केव्हाही बरा. लंडनला थेम्सच्या काठावर मात्र पोर्ट ऑफ लंडन अथॉरिटीचं परमिट लागतं, नुसतं वाकून वस्तू शोधायला सुद्धा. संरक्षित स्मारकावर विनापरवाना डिटेक्टर चालवणं १९७९ च्या कायद्याने गुन्हा आहे.

सापडल्यावर काय करायचं हे तिकडे फार नीट लावून दिलंय, आपल्याकडे असं व्हावं असं मला मनापासून वाटतं. ट्रेझर अॅक्ट १९९६ प्रमाणे ३०० वर्षांपेक्षा जुनी, किमान १० टक्के सोनं-चांदी असलेली वस्तू, किंवा तशाच जुन्या सोन्या-चांदीच्या दोन नाण्यांची जोडी सापडली तर १४ दिवसांत कॉरोनरला (अशा खजिन्यांची चौकशी करणारा तिथला अधिकारी) कळवायचं. जुलै २०२३ पासून २०० वर्षांपेक्षा जुन्या, विशेष महत्त्वाच्या धातूच्या वस्तूही त्यात आल्यात. जहाजाचा माल वाटला तर रिसिव्हर ऑफ रेकला (फुटलेल्या जहाजांच्या मालाचा सरकारी अधिकारी) २८ दिवसांत. बाकी साध्या वस्तू पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीम या सापडलेल्या वस्तू नोंदवायच्या योजनेच्या स्थानिक अधिकाऱ्याला दाखवायच्या, ते नोंद करून बहुतेक वेळा परत देतात. हे सगळं इंग्लंड-वेल्सचं झालं. स्कॉटलंडमध्ये जुनं जे काही सापडेल ते कळवावंच लागतं, उत्तर आयर्लंडमध्ये पुराणवस्तू शोधायला खणायचं तर आधी लायसन्स, तिकडे फिरायला गेलात तर मशीन घरीच ठेवा.

भारतात आणायचं तर तिथल्या मातीतून निघालेल्या ५० वर्षांहून जुन्या पुरातत्त्वीय वस्तूला एक्सपोर्ट लायसन्स लागतं, म्हणून बॅगेत टाकून आणू नका. आणि दुसऱ्या महायुद्धातले बॉम्ब, सुरुंग तिकडच्या किनाऱ्यांवर अजून निघतात. गंजलेलं गोल-लांबट काही दिसलं तर हात न लावता मागे व्हा, ९९९ ला फोन करून कोस्टगार्ड मागा.

अमेरिकेतूनही दोन पत्रं आली, त्यांना थोडक्यात, नॅशनल पार्क सर्व्हिसच्या जमिनीवर, त्यात समुद्रकिनारेही आले, डिटेक्टर चालवायला आणि वापरायच्या स्थितीत जवळ ठेवायलाही बंदी आहे. मोडून, पॅक करून गाडीत असेल तर चालतं. बाकी स्टेट पार्क, काउंटी, शहर, प्रत्येकाचा नियम वेगळा, जाण्याआधी त्या पार्कच्या ऑफिसला फोन करा.

प्रश्न (श्रीवर्धनजवळच्या एका कोळीवाड्यातून): शनिवार-रविवार मुंबईची पोरं मशीन घेऊन येतात. खड्डे करतात आणि तसेच टाकून जातात, आमची बाई पहाटे अंधारात टोपली घेऊन चालताना पडली, पाय मुरगळला. वर आमच्या जाळ्यांचं शिसं, एक लहान नांगर पण उचलून नेला, म्हणे बेवारस होता. आम्ही काय करायचं?

उत्तर: दादा, तुमचं पत्र या सगळ्या प्रश्नांच्या आधी छापायला हवं होतं खरं तर. नांगर, साखळी, शिशाचे गोळे किनाऱ्यावर पडलेले असतात म्हणजे ते टाकून दिलेले नसतात, होडी तिथेच लागते म्हणून ते तिथे असतात. रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढणारे सुद्धा सामान पुळणीवरच ठेवतात, ते काय घरात नेऊन ठेवणार का? तुमच्या ताब्यातली वस्तू कोणी उचलून नेली तर ती चोरी आहे, आणि हरवलेली समजून ठेवून घेतली तरी वर सांगितलेलं कलम ३१४ आहेच. पुन्हा असं दिसलं की लगेच ११२ ला फोन करा, समुद्रकिनाऱ्याच्या सुरक्षेसाठी १०९३ पण आहे. गाडीचा नंबर आणि मशीनसकट फोटो काढून ठेवा, भांडणात मात्र पडू नका. नांगर गेला त्याची तक्रार आता जरी दिली तरी घ्यायला पाहिजे, तुमच्या मच्छीमार सोसायटीच्या लेटरहेडवर द्या, एकट्याने देण्यापेक्षा तिला वजन येतं.

दुसरं असं करता येईल की ग्रामसभेत ठराव घ्या, किनाऱ्यावर डिटेक्टर फिरवायचा तर आधी पंचायतीत नाव-नंबर लिहून जायचं, होड्या लागतात आणि जाळी सुकवतात तो पट्टा सोडायचा, सूर्योदयाआधी आणि सूर्यास्तानंतर नाही, प्रत्येक खड्डा लगेच बुजवायचा आणि निघालेला पत्रा, खिळे, टोप्या स्वतःबरोबर न्यायच्या. ठरावाची प्रत पोलीस ठाण्याला आणि तहसीलदारांना द्या आणि किनाऱ्यावर जायच्या वाटेवर मराठी-हिंदीत बोर्ड लावा, खाली पंचायतीचा फोन नंबर टाका. पुण्याच्या वाचकाला मी ग्रामपंचायतीत अर्ज द्या म्हटलं ते याचसाठी. आणि जी पोरं हे वाचत असतील त्यांनी पुढच्या शनिवारी जाल तेव्हा आधी कोळीवाड्यात जाऊन त्या बाईंच्या पायाची चौकशी करा, नांगर परत ठेवा, आणि कुठे खणलं तर चालेल ते तिथल्याच लोकांना विचारा.